पावणेनऊ कुठे राहतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बार्शीत राहते, घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवते, बावीस वर्षं झाली. पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण गेला महिनाभर एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले. विषय आहे लहान मुलांचे अपूर्णांक. कुणी म्हणेल शिवणकाम करणाऱ्या बाईचा काय संबंध, तर संबंध आहे, आमचा अख्खा दिवस अपूर्णांकातच जातो, ते पुढे सांगते.

झालं असं की माझी धाकटी पाचवीत आहे. एका संध्याकाळी वही घेऊन जवळ बसली होती, गणित होतं १/२ + १/४. तिने वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले आणि लिहिलं २/६. मी तेव्हा कटिंग करत होते, कापडावरची नजर न काढताच विचारलं, अगं अर्धा आणि पाव मिळून किती? ती पण वहीतून मान वर न करता पटकन म्हणाली, पाऊण. मी म्हटलं मग इथे काय लिहिलंयस? तर म्हणते, "आई ते बोलायचं आहे, हे गणित आहे, हे वेगळं असतं."

हे वेगळं असतं. मला त्या रात्री झोप नाही आली. मार्क गेले त्याचं काही नाही, मार्क येतील, पण दहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात पाऊण नावाची गोष्ट आणि ३/४ नावाची गोष्ट या दोन वेगवेगळ्या खोल्यांत राहतात आणि मधे दरवाजाच नाही, हे कसं झालं? आणि तिला हे पण दिसलं नाही की अर्ध्यात अजून काहीतरी घातलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं. २/६ म्हणजे तीनातला एक भाग, तो अर्ध्यापेक्षा लहान. चहात साखर घातली आणि चहा कमी गोड झाला म्हटल्यासारखं आहे ते, पण वहीत तिला ते खटकलं नाही कारण तिच्या दृष्टीने ते आकडे नव्हतेच, नुसती वर एक खाली एक अशी चिन्हं होती.

मग मी तिच्या जुन्या वह्या काढून बघितल्या. सगळीकडे गोल. भाकरी, पोळी, पिझ्झा, केक, त्याचे चार भाग, एक रंगवा. सुरुवात म्हणून यात काहीच चूक नाही, मुलाला वाटा कळतो, सारखे भाग करायचे असतात हे कळतं. पण दोन-तीन वर्षं फक्त तेच केलं तर पोरं काय शिकतात तर तुकडे मोजायला, खाली एकूण तुकडे आणि वर रंगवलेले. म्हणजे दोन पूर्ण संख्या एकावर एक ठेवल्या. हा मिळून एकच नंबर आहे, आणि तो १, २, ३ च्याच रांगेत कुठेतरी उभा आहे, हे त्यांना कुणी सांगतच नाही. म्हणूनच तर १/४ मोठा की १/३ विचारलं की १/४ म्हणतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. पोरांची चूक नाही हो, बालवाडीपासून पहिली-दुसरीपर्यंत त्यांनी जे शिकलं तेच ते इथे वापरतायत.

दुसरी गोष्ट तर जास्त लागली. वर्गात तिने विचारलेलं की ५/४ असू शकतं का, तर उत्तर मिळालं की भाकरीचे चारच तुकडे केलेत तर पाच कुठून येणार, अपूर्णांक हा एकापेक्षा लहानच असतो. शिक्षकांना दोष देत नाही मी, एका वर्गात इतकी मुलं आणि वर ढीगभर कामं, त्या घाईत माणूस बोलून जातो. पण पुढच्या धड्यात लगेच अंशाधिक (वरचा आकडा खालच्यापेक्षा मोठा) आणि पूर्णांकयुक्त (पूर्ण संख्या आणि शेजारी अपूर्णांक) असे अपूर्णांक आले आणि पोरगी रडकुंडीला आली, की आधी म्हणाले एकापेक्षा लहान आणि आता हे सव्वा कुठून आणलं.

आता माझ्या कामाचं सांगते. ब्लाऊजचं कटिंग करताना छातीच्या मापाचा चौथा भाग काढावा लागतो, कारण कापड चौपदरी दुमडलेलं असतं, वर मार्जिन वेगळं. छाती ३२ असेल तर आठ. ३३ असेल तर सव्वाआठ. ३४ ला साडेआठ. ३५ ला पावणेनऊ. ३६ ला नऊ. हे मी दिवसातून किती वेळा करत असेन देव जाणे, कधी कागद-पेन्सिल लागली नाही. पण त्या रात्री पहिल्यांदा हे नीट बघितलं आणि वाटलं, अरे, हेच तर तिला दाखवायचंय! एकेक पूर्ण संख्या घेऊन चाराने भागत गेलं की आठ आणि नऊच्या मधली घरं एकेक करून भरत जातात. ३२ भागिले ४ पण संख्या आणि ३३ भागिले ४ पण संख्या. ३२ पूर्ण सुटतो म्हणून तो खरा नंबर आणि ३३ ला बाकी उरते म्हणून तो अर्धवट, असं काही नाहीये. तिसरीत "भागाकार ८, बाकी १" लिहायला शिकवतात तिथेच थांबतो आपण, त्या उरलेल्या एकाचं काय करायचं ते सांगायला दोन वर्षं लावतो, आणि सांगतो तेव्हा त्याचा भागाकाराशी काही संबंध होता हे पोरं पार विसरलेली असतात. ती बाकी एक पण चौघांत वाटा की, प्रत्येकाला पाव येईल, झाला सव्वाआठ.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तिच्या हातात टेप दिली. आमच्या टेपवर एका इंचात आठ रेघा असतात, त्या एका भागाला आम्ही सूत म्हणतो (सुतारही सूतच म्हणतात). दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे पाऊण, आठ सूत म्हणजे एक. तिला म्हटलं आठवर बोट ठेव आणि पाव पाव इंच पुढे चाल, तोंडाने म्हण. आठ, सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ, नऊ. मग म्हटलं तसंच अगदी शून्यापासून चाल. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. मग तेच परत, पण आता नावाऐवजी किती पाव झाले ते म्हणत, एक पाव, दोन पाव, तीन पाव, चार पाव, पाच पाव... पाचव्याला ती थांबली. बोट सव्वावर होतं. म्हणाली, "आई, हे ५/४ आहे?"

मी काहीच सांगितलं नव्हतं. तिचं तिला दिसलं. भाकरीत पाचवा तुकडा सापडत नव्हता, टेपवर मात्र तो एकच्या पुढच्या घरात बसलेला होता, कारण टेप एकवर संपत नाही. मग तिने स्वतःच चार पाववर परत बोट नेलं आणि म्हणाली म्हणजे ४/४ म्हणजे एक, ८/४ म्हणजे दोन, मग दोन पण अपूर्णांक झाला का? मी म्हटलं तसाही लिहिता येतो, १६ सूत म्हण, ८/४ म्हण, दोन म्हण, जागा एकच आहे. आणि २/८ आणि १/४ एकच कसे, ज्यासाठी शाळेत सममूल्य अपूर्णांक असा वेगळा धडा आहे, ते तर दोन सूत म्हणजे पाव इंच एवढ्यात मिटलं.

तिसऱ्या भागासाठी मात्र इंचाचा उपयोग नाही, आठ सुतांचे तीन सारखे भाग पडत नाहीत. तिथे मी फूटपट्टी घेतली, फुटाचे बारा इंच. फुटाचा तिसरा भाग चार इंच, चौथा भाग तीन इंच, बोट ठेवून बघ कोण मोठं. अर्धा फूट सहा, पाव फूट तीन, मिळून नऊ, म्हणजे पाऊण फूट. आणि तुझे ते २/६? सहावा भाग दोन इंच, असे दोन म्हणजे चार इंच. नऊ कुठे आणि चार कुठे. तिने आपणहून वहीतलं उत्तर खोडलं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. पाव म्हटलं की लगेच विचारायचं, पाव कशाचा? पाव इंच म्हणजे दोन सूत, पाव फूट म्हणजे तीन इंच, पाव वार म्हणजे नऊ इंच, सगळे पावच पण एकमेकांच्या जवळपास नाहीत. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुली सुरुवातीला इथेच कापड बिघडवतात. पुस्तकात एक भाकरी मोठी आणि शेजारची लहान काढलेली असते आणि दोन्हींचा अर्धा रंगवायला सांगतात, मग मुलं म्हणतात या अर्ध्यापेक्षा तो अर्धा मोठा, आणि ते बरोबरच म्हणतात. आधी एक म्हणजे केवढं ते ठरवायला लागतं, मगच त्या एकच्या अल्याड-पल्याडची घरं ठरतात.

माझ्याकडे गणिताच्या एक निवृत्त बाई कपडे शिवायला येतात, त्यांना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, आपल्या भाषेतच हे आहे. सव्वा म्हणजे सपाद, पादासकट, पाद म्हणजे चौथा भाग. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. पावणे म्हणजे पादोन, पाव कमी. म्हणजे साडेआठ म्हणताना आपण आठवर उभं राहून पुढे बघतो आणि पावणेनऊ म्हणताना नऊवर उभं राहून मागे बघतो. अडीच हा तर अर्धतृतीय, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. प्रत्येक शब्दात शेजारची पूर्ण संख्या बसलेलीच आहे! मला तर अंगावर काटा आला. त्यांनीच सांगितलं की भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, अपूर्णांकांच्या भागात पूर्ण संख्येत अंश मिळवायचा असेल तर त्याला भागानुबंध आणि पूर्ण संख्येतून अंश कमी करायचा असेल तर भागापवाह अशी दोन वेगळी नावं आहेत, आणि तिथलं उदाहरणच सव्वादोन आणि पावणेतीनचं आहे, की हे दोन्ही एका छेदात मांडून दाखव. उत्तर ९/४ आणि ११/४. हे ग्रंथ शिकवायला भास्कराचार्यांच्या नातवाने मठ काढला तो शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी ज्यांना सव्वादोन आणि ९/४ एकच आहेत हे शिकवायचं सुचलं त्यांच्याच मुलखात माझी मुलगी म्हणते की ते बोलायचं वेगळं आणि हे गणित वेगळं.

हा त्रास फक्त आपल्याकडेच आहे असं पण नाही. बाईंनी अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९७८ साली तिथे देशभरातल्या तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की १२/१३ + ७/८ साधारण किती होईल, नीट करायचं नाही, अंदाज सांगा, पर्याय १, २, १९ आणि २१. फक्त २४ टक्के मुलांनी २ सांगितलं. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ सांगितलं, कारण बारा आणि सात एकोणीस, तेरा आणि आठ एकवीस. मी ऐकल्याबरोबर म्हटलं, अहो ७/८ म्हणजे इंचाला एक सूत कमी! आणि १२/१३ म्हणजे तसाच एकाला थोडासा कमी. दोनच्या जरा अलीकडे. मी दहावी पास आहे, माझं काही मोठं डोकं नाही, पण सात सूत कुठे असतं ते माझ्या बोटांना माहीत आहे. त्या मुलांना कुणी ते बोट ठेवायला लावलं नव्हतं एवढाच फरक.

आमचे सासरे मार्केट यार्डात मापाडी होते. त्यांच्या तोंडून ऐकलंय, पायलीची अर्धी अधोली, अधोलीचा अर्धा शेर, शेराचं अर्धं मापटं, मापट्याचं अर्धं चिपटं, चिपट्याचं अर्धं कोळवं, कोळव्याचं अर्धं निळवं. प्रत्येक मापाचं भांडं डोळ्यासमोर, हातात. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (औट म्हणजे साडेतीन) सगळं पाठ होतं, चार सव्वा पाच आणि आठ सव्वा दहा हे त्यांना विचार करून सांगावं लागत नसे. पाठांतर परत आणा असं मी म्हणत नाही, कोवळ्या पोरांना औटकी घोकायला लावायची काही गरज नाही. पण त्या पाढ्यांत एक गंमत होती, अपूर्णांक मोजता मोजता मधेच पूर्ण संख्येवर पाय पडायचा, चार पाव झाले की एक, दोन दीड झाले की तीन, चार अडीच झाले की दहा. मुलाला आपोआप कळायचं की या वाटेवर दोन्ही राहतात.

आता ते सगळं हातातून गेलं. चार आणे ३० जून २०११ ला व्यवहारातून बंद झाले, माझ्या मुलीने पाव रुपया कधी बघितलाच नाही. घड्याळ मोबाईलवरचं, त्यात तीन पंचेचाळीस दिसतं, पावणेचार दिसत नाही. काटा इलेक्ट्रॉनिक, त्यावर ०.७५० येतं. आणि इंग्रजी मीडियमची पोरं तर अडीच म्हणजे किती असं विचारतात, माझ्या बहिणीच्या मुलाने मला विचारलंय. आणि मग दशांश चिन्ह आलं की १.२५ हा १.५ पेक्षा मोठा म्हणतात, कारण २५ हे ५ पेक्षा मोठे. रोग तोच आहे, नाव बदललं. सव्वा मोठा की दीड असं विचारा, एक मूल चुकणार नाही. अर्थात त्याला सव्वा हा शब्द माहीत असेल तर.

२०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतंय ना, विधानसभेपर्यंत गेलं, घरोघरी लोक भांडत होते एकवीस की वीस एक. मराठी संख्यांची नावं सगळ्यांना एवढी जवळची आहेत बघून तेव्हा बरं वाटलं होतं. पण सव्वा, साडे, पावणे ही पण आपल्याच संख्यांची नावं आहेत, ती गपचूप चालली आहेत आणि त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

म्हणून माझी शिक्षकांना, पुस्तक करणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या आयाबापांना हात जोडून विनंती आहे. पहिलीच्या वर्गात भिंतीवर १ ते १०० चा तक्ता असतोच, त्याच्या खाली एक लांब पट्टी लावा, शून्यापासून दहापर्यंत, आणि प्रत्येक दोन आकड्यांच्या मधे तीन बारीक रेघा मारा. त्यावर सुरुवातीला काही लिहू पण नका. मुलं रोज येता-जाता बघतील, विचारतील या मधल्या रेघा कशाच्या, तेव्हा सांगा. दुसरीपर्यंत नुसतं तोंडाने चालू द्या, सव्वा साडे पावणे, पुढे आणि उलटं पण, नऊ, पावणेनऊ, साडेआठ, सव्वाआठ, आठ. आडव्या रेघेवर आकडा आणि खाली आकडा हे लिहिणं मागाहून येऊ दे, आधी त्या नंबरची जागा कळू दे. भाकरी पण ठेवा, पण एक भाकरी नको, तीन भाकऱ्या चौघांत वाटायला द्या, प्रत्येकाला पाऊण येतो, पाच भाकऱ्या चौघांत द्या, सव्वा येतो. आणि कृपा करून अपूर्णांक एकापेक्षा लहान असतो हे वाक्य कुणी कुठल्याच वर्गात बोलू नका. उत्तर लिहिण्याआधी मुलाला एवढंच विचारा, हे कितीच्या आसपास येईल? अर्ध्याच्या वर की खाली? एकच्या अलीकडे की पलीकडे? माझी मुलगी आता गणित करायच्या आधी टेपवर बोट ठेवून सांगते, साधारण इथे.

बार्शीतल्या कुठल्या शाळेला हवं असेल तर माझ्याकडे जुन्या टेपा आहेत, पंधरा-सोळा निघतील, टोकाची पत्री निघालेल्या, म्हणून मला कामाला येत नाहीत, पण पुढचे आकडे आणि रेघा स्वच्छ दिसतात. फुकट देईन, घरी येऊन घेऊन जा. पहिला इंच झिजलाय म्हणून काही बिघडत नाही, एकपासून सुरू करा आणि शेवटी एक वजा करा, तेवढंच अजून एक गणित होईल.

परवाचं एक सांगून थांबते. मी हुक लावत बसले होते, ही टेप घेऊन शेजारी. म्हणाली आई, पाव आणि अर्ध्याच्या मधोमध काय आहे? म्हटलं बघ की, तीन सूत. थोडा वेळ गप्प बसली. मग विचारलं, आणि दोन सूत आणि तीन सुताच्या मधोमध? टेपवर तिथे रेघ नाहीये. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "अडीच सूत. रेघ नाही, पण आहे."

आपली नम्र,
एक पालक, बार्शी (जि. सोलापूर)